जुनं सॉफ्टवेअर बंद करण्याआधी: कोकणातल्या छोट्या व्यवसायांनी जुन्या नोंदी कशा सांभाळाव्यात

वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यातून मला फोन आला तेव्हा नवं सॉफ्टवेअर सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. जीएसटीची विचारणा आली होती: २०१८-१९ मधल्या कच्च्या बीच्या खरेदीचा बिलवार तपशील द्या. नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्या वर्षातलं काहीच नव्हतं, होती ती फक्त आरंभीची शिल्लक. जुना संगणक भंगारवाल्याने नेला होता. बॅकअपची सीडी कपाटात सापडली, पण तिच्यावर बुरशीचे ठिपके. शेवटी सीएंकडची अर्धवट प्रत, बँकेचे उतारे आणि माळ्यावरची पावतीबुकं यांवरून तो तपशील जुळवायला आम्हाला तीन आठवडे लागले. मालक मला म्हणाले, "अहो, डेटा ट्रान्सफर झाला म्हणून सांगितलं होतं आम्हाला." झालाच होता. शिल्लक नेली होती, नोंदी नेल्या नव्हत्या.

ही दोन कामं वेगळी आहेत, आणि हा सगळा लेख त्याच फरकासाठी लिहितोय. नवं सॉफ्टवेअर देणारा माणूस पहिल्या कामाचे पैसे घेतो: खाती, शिल्लक, मालाचा साठा नव्या घरात नेऊन मांडणं. जुन्या घरात काय उरलं, ते किती वर्षं लागणार, ते उघडणार कसं, हे त्याच्या कामात येत नाही. ते तुमचं काम आहे आणि जुना संगणक चालू आहे तोवरच ते सोपं आहे.

आधी मोजदाद

एक वही घ्या आणि नोंदी कुठे कुठे आहेत ते लिहा. मुख्य संगणकावरचा हिशोब हा त्यातला एक भाग झाला. पगाराचं वेगळं सॉफ्टवेअर, वजनकाट्याच्या संगणकातली नोंद, "आंबा २०१४ फायनल" अशा नावाच्या एक्सेल फायली, दिवाणजींच्या पेनड्राइव्हवरची प्रत, सीएंच्या ऑफिसातली प्रत, ईमेलमध्ये आलेली बिलं, फोनमधले पावत्यांचे फोटो हे सगळं त्यात येतं. मोजदाद करताना जुन्या दिवाणजींना चहाला बोलवा. निवृत्त होऊन घरी बसले असले तरी बोलवा. "हंगामाच्या शेवटी आम्ही उचलीचा हिशोब वेगळ्या फाइलीत ठेवायचो" हे वाक्य फक्त त्यांच्याकडूनच मिळतं.

प्रत्येक नोंदीसमोर चार गोष्टी लिहा: कोणत्या वर्षांची आहे, कोणत्या प्रोग्रॅममध्ये आहे, कोण उघडू शकतं, आणि कागदावर तिची जोडी आहे का. पासवर्डही इथेच गोळा करा, पण दुसऱ्या बंद पाकिटात. जुनं सॉफ्टवेअर कुलूप लावून येणारं असेल, म्हणजे संगणकाच्या मागे खोचलेला छोटा डोंगल असेल, तर त्याला चिठ्ठी बांधा. डोंगल हरवला की डेटा शाबूत असूनही प्रोग्रॅम उघडत नाही.

किती वर्षं ठेवायचं

इथे लोक "सात वर्षं" असं ऐकीव सांगतात. कायदे वेगवेगळे आहेत आणि मुदत मोजायची सुरुवातही वेगवेगळी आहे.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची पुस्तकं आणि कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायची असतात. म्हणजे मोजणी वर्ष संपल्यापासून सुरू होत नाही. २०२१-२२ च्या विवरणपत्राची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२२ होती, म्हणून त्या वर्षाच्या नोंदी ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत. २०२३-२४ च्या ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. ज्या वर्षांची तारीख वाढवून मिळाली होती, त्यांची मुदतही तितकीच पुढे जाते. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा अंतिम निकाल लागल्यानंतर एक वर्ष, किंवा वरची मुदत, यातलं जे उशिरा येईल ते धरायचं.

व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम १२८ आधीच्या आठ आर्थिक वर्षांची पुस्तकं व्हाउचरसकट मागतं. आयकराच्या मुदती मात्र सीएंकडून ताज्या करून घ्या, कारण आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्याआधीच्या वर्षांना १९६१ चाच कायदा लागतो. काजू, कोकम, आंबा पल्प असे खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांसाठी अन्नसुरक्षेच्या नियमांत उत्पादन, तपासणी, स्वच्छता यांच्या नोंदी एक वर्ष किंवा मालाची टिकण्याची मुदत, यातलं जे जास्त असेल तितकं ठेवायला सांगितलंय.

माझं मत स्पष्ट आहे: मालकी असो, भागीदारी असो की कंपनी, हिशोब आणि व्हाउचर सरसकट आठ वर्षं धरा, आणि जीएसटीची तारीख त्याहून पुढे जात असेल तर ती. वर्षागणिक वेगळी मुदत लक्षात ठेवण्यात जितकी चूक होते, तितका खर्च जास्त ठेवण्यात होत नाही.

तीन गोष्टींना मात्र आठ वर्षं पुरत नाहीत. जमीन, इमारत, होडी, यंत्रं यांच्या खरेदीचे कागद ती मालमत्ता तुमच्याकडे आहे तोवर आणि विकल्यानंतरही काही वर्षं लागतात, कारण विक्रीवरचा भांडवली नफा मूळ किमतीवरून काढतात. कर्जाचे कागद कर्ज फिटेपर्यंत आणि दाव्याची मुदत टळेपर्यंत ठेवा. साध्या पैशाच्या दाव्याला मुदत कायद्यात तीन वर्षं आहेत, गहाणाच्या वसुलीला बारा. आणि कामगारांची नोंद. काजू फोडणाऱ्या बायका वीस-वीस वर्षं एका कारखान्यात बसतात आणि पीएफमधलं नाव किंवा जन्मतारीख चुकल्याचं त्यांना साठीला आल्यावर कळतं. त्या वेळी कारखान्याची हजेरी आणि पगारपत्रकं हाच त्यांचा आधार असतो. कायद्याची मुदत संपली म्हणून ती पुसू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

नव्यात किती न्यायचं

मोह होतो की बारा वर्षांचं सगळंच नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतावं, म्हणजे झंझट मिटली. मी याच्या विरोधात आहे. १ जुलै २०१७ च्या आधीच्या व्हॅटच्या नोंदी जीएसटीच्या साच्यात कोंबल्या की नसलेले रकाने भरावे लागतात आणि कोणीतरी अंदाजाने ते भरतं. व्हाउचरला नवे क्रमांक पडतात. मग कागदावरचं बिल ४१२ आणि पडद्यावरचं ३८९ एकच आहे हे सिद्ध कसं करणार? नोंद हलवताना बदलली की ती मूळ नोंद उरत नाही.

म्हणून तीन ढीग करा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं ते चालू खाती, मालाचा साठा, आणि येणी-देणी. येणी-देणी एकरकमी नको, बिलवार हवीत, जुन्या बिल क्रमांकासह. नव्या सॉफ्टवेअरमध्ये "जुना क्रमांक" असा रकाना मागून घ्या. बहुतेकांत तो देता येतो. फार तर चालू आणि मागचं एक वर्ष पूर्ण न्या. बाकी सगळं दुसऱ्या ढिगात, म्हणजे पेटीबंद, पण उघडता येईल असं. तिसऱ्या ढिगात मुदत संपलेलं. त्याला आज हात लावायचा नाही, ते शेवटी पाहू.

पेटीबंद करायची रीत

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद सांभाळण्याच्या तीन अटी आहेत: ती पुढे केव्हाही पाहता आली पाहिजे, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती तंतोतंत दाखवणाऱ्या स्वरूपात असली पाहिजे, आणि ती कुठून, कुठे, कधी गेली-आली हे ओळखता आलं पाहिजे. या तिन्हींसाठी एकाच नोंदीच्या तीन प्रती लागतात.

पहिली, जशीच्या तशी. जुन्या प्रोग्रॅमचं संपूर्ण फोल्डर उचला. इकडे अजून बऱ्याच पतसंस्था आणि दुकानं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमवर चालतात, ज्याच्या शेवटच्या आवृत्तीचा मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार जानेवारी २०१५ मध्येच संपला. त्यात मुख्य डेटा ठेवणाऱ्या डीबीएफ फाइलीसोबत त्याच नावाची एफपीटी फाइल असते. शेरे आणि लांब मजकूर तिच्यात राहतो. फक्त डीबीएफ उचलली तर आकडे येतात, शेरे हरवतात. दुसरी खोच: डीबीएफमध्ये "डिलीट" केलेली नोंद खरी पुसली जात नाही, तिच्यावर फक्त खूण पडते. काही साधनं अशा नोंदी बाहेर काढताना सोबत आणतात, काही गाळतात. बेरीज जुळत नसेल तर सगळ्यात आधी इथे बघा. टॅली असेल तर कंपनीच्या क्रमांकाचं पूर्ण फोल्डर घ्या आणि ते कोणत्या आवृत्तीचं आहे ते वर लिहा.

दुसरी, माणसाला वाचता येईल अशी. दर वर्षाची रोजकीर्द, खतावणी, खरेदी-विक्री रजिस्टर, साठा, तेरीज (ट्रायल बॅलन्स) पीडीएफ/ए स्वरूपात. साध्या पीडीएफपेक्षा यात फरक असा की फॉन्ट फाइलीतच बसलेला असतो, बाहेरून काही लागत नाही.

तिसरी, संगणकाला वाचता येईल अशी: सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी, स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल. उद्या कोणी "फक्त अमुक पार्टीची खरेदी द्या" म्हटलं तर पीडीएफमधून काढत बसू नये यासाठी.

आणि या तिन्हींसोबत किल्ली. पार्टी कोड ०१४ म्हणजे कोण, "डब्ल्यू ३२०" म्हणजे काजूची कोणती प्रत, मालाच्या नोंदीत "पे" म्हणजे पेटी. पेटी म्हणजे किती हेही लिहा. एका व्यापाऱ्याची पेटी चार डझनांची, दुसऱ्याची फळाच्या आकाराप्रमाणे पाच-सहाची, आणि २०१६ मध्ये पेटी बदलली असेल तर त्या सालचा २०० पेट्यांचा आकडा या सालच्या २०० शी जुळत नाही. पोत्यात किती किलो बी धरलं होतं तेही तसंच. जीएसटीच्या नियम ५७ प्रमाणे मागणी झाल्यास फाइलींचे पासवर्ड आणि वापरलेल्या कोडांचं स्पष्टीकरण देणं बंधनकारक आहे. त्यामुळे ही किल्ली दिवाणजींच्या डोक्यात राहून चालत नाही.

मराठी नावांचा घोळ

यावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण बाहेरगावच्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे ठाऊक नसतं आणि आपलं नुकसान इथेच होतं. २०१०च्या आसपासपर्यंत मराठी टायपिंग शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, सुरेख अशा फॉन्टांत व्हायचं. या फॉन्टांत फाइलीच्या आत मराठी नसतंच. आत असतात इंग्रजी अक्षरं नि चिन्हं, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. संगणक बदलला, फॉन्ट गेला, की सभासदांच्या यादीत नावाऐवजी चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून पहिला नियम: जुन्या संगणकातल्या फॉन्टच्या फाइली पेटीत ठेवा. आधी ते करा, मग बाकीचं.

नंतर युनिकोडमध्ये, म्हणजे विशिष्ट फॉन्टवर न अडणाऱ्या मराठीत, रूपांतर करून घ्या, पण मूळ फाइल ठेवूनच. रूपांतर करणारी साधनं जोडाक्षरांवर आणि विशेषतः अर्ध्या र वर अडखळतात. तपासायला मी ठरावीक शब्द वापरतो: आचऱ्याचा, दर्यावर्दी, क्षेत्रफळ, ज्ञानेश्वर, ऑक्टोबर. हे सगळे नीट आले तर बाकीचं बहुतेक नीट येतं. तरी पन्नास-साठ नावं कागदाशी ताडून बघाच, कारण वारसनोंदीत एक काना चुकला तर त्या कुटुंबाला हेलपाटे पडतात.

अजून एक बारीक गोष्ट. युनिकोडमधलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नेहमीच्या साठवणीत तीन बाइट घेतं. "लक्ष्मीनारायण" या नावात काने-मात्रा, हलन्त धरून तेरा चिन्हं आहेत, म्हणजे एकोणचाळीस बाइट. नव्या डेटाबेसमध्ये नावाचा रकाना तीस बाइटांचा ठेवला असेल तर लक्ष्मीनारायण "लक्ष्मीनार" होऊन बसतो आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही. रकान्याची लांबी अक्षरांत मोजली आहे की बाइटांत, हे लेखी विचारा.

ताळा

दर वर्षासाठी जुन्या प्रोग्रॅममधून तेरीज काढा आणि सीएसव्हीमधून केलेल्या बेरजेशी ताडा. व्हाउचरांची संख्या, खात्यांची संख्या, खरेदी-विक्रीची एकूण रक्कम जुळली पाहिजे. एक रुपयाचाही फरक "गोलाईचा असेल" म्हणून सोडू नका. मी पाहिलेल्या अशा फरकांत पुष्कळदा एक पूर्ण दिवस गायब निघालाय आणि त्याची भरपाई करणारी चूक दुसरीकडे. नंतर दर वर्षातली पंचवीस व्हाउचर डोळे मिटून निवडा आणि कागद, जुना पडदा, नवी प्रत या तिघांत ताडा. तारखांवर विशेष लक्ष द्या: मजकूर म्हणून लिहिलेली ०४/०५/१२ ही चार मे की पाच एप्रिल, हे नवं साधन स्वतःच ठरवून मोकळं होतं.

कंपनी असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय कधी बदललं याची नोंद राहणं सक्तीचं आहे, आणि ती जपली आहे की नाही हे लेखापरीक्षक अहवालात लिहितात. म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरमधली ती बदलनोंदही पेटीत आली पाहिजे. सीएसव्ही काढताना ती आपोआप येत नाही, वेगळी मागावी लागते.

वेळ कधीची निवडावी

सगळे सॉफ्टवेअरवाले १ एप्रिल सांगतात. हिशोबाला ते सोयीचं आहे, आंब्याच्या आणि काजूच्या धंद्याला नाही. एप्रिल-मेमध्ये पॅकिंग शेडवर ट्रक उभा असताना कोणी ताळा बघत नाही. मी इथे १ ऑक्टोबर किंवा दिवाळीनंतरची तारीख सुचवतो: हंगाम संपलेला, गणपती उरकलेले, मोहर अजून यायचाय. मच्छीमार सोसायटी आणि बर्फाच्या कारखान्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीचा काळ मोकळा मिळतो, पण तेव्हा वीज दिवसातून चारदा जाते. अशांनी नोंदी उतरवून घेणं आगोटीआधी मे महिन्यातच संपवावं आणि पावसात फक्त ताळ्याचं काम ठेवावं. तारीख कोणतीही धरा, एक महिना जुनं-नवं दोन्ही चालवा.

कुठे ठेवायचं

२२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यात गेली. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतची छपरं उडवली. ज्यांचा संगणक आणि बॅकअप एकाच टेबलावर होते, त्यांचं दोन्ही गेलं. नियम ५७ हेच सांगतो: अपघात किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी गेल्या तरी वाजवी वेळेत त्या परत उभ्या करता याव्यात, असा बॅकअप हवा.

तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या खोऱ्यात. चिपळूणच्या दुकानाची प्रत खेर्डीत ठेवून उपयोग नाही, पाणी दोन्हीकडे एकच. ती रत्नागिरीला किंवा मुंबईत भावाच्या घरी ठेवा. एक प्रत क्लाउडवर ठेवायची असेल तर कंपन्यांसाठी रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असणं बंधनकारक आहे, हे तपासून घ्या. पेनड्राइव्ह आणि सीडी या लांबच्या साठवणीच्या वस्तू नव्हेत. आपल्या दमट हवेत तर नाहीच नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्क घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, डबा पहिल्या मजल्यावर, भिंतीला न चिकटवता. थर्मल कागदावरच्या पावत्या आधी स्कॅन करा, त्या दोन पावसाळ्यांत कोऱ्या होतात.

डिस्क बंद करण्याआधी प्रत्येक फाइलीचा हॅश काढून ठेवा. विंडोजमध्येच सर्टयुटिल नावाचं साधन आहे, ते फाइलीवरून अंकाक्षरांची लांब ओळ काढून देतं. फाइलीत एक अक्षर बदललं तरी ओळ बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात पुरावा म्हणून देताना जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात हॅश लिहावा लागतो. आजच काढून, तारीख टाकून, छापून, सही करून फाइलीला लावला तर पाच वर्षांनी "मध्ये कोणी बदललं नाही कशावरून" याला उत्तर हातात असतं.

जुना प्रोग्रॅम चालता ठेवायचा असेल तर जुन्या संगणकाच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा (इमेज) काढून ती नव्या संगणकात आभासी यंत्र, म्हणजे संगणकातला संगणक, म्हणून चालवता येते. इंटरनेटला जोडू नका, आणि फक्त बघण्यापुरती परवानगी द्या. जुनं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याचं असेल तर करार संपण्याआधी संपूर्ण डेटा उतरवून घ्या. कोणत्या स्वरूपात आणि किती दिवस देणार, हे नव्या करारातही आत्ताच लिहून घ्या.

तिसरा ढीग

मुदत संपलेल्या नोंदींची यादी करा: काय, कोणत्या वर्षांचं, कोणत्या मुदतीप्रमाणे. त्या वर्षाची नोटीस, अपील, दावा काही अडकलेलं नाही, असं सीएंकडून लेखी घ्या. मालकाची सही, मगच नाश. कामगारांच्या आधारच्या प्रती, ग्राहकांचे पत्ते असं वैयक्तिक काही असेल तर ते विनाकारण ठेवणंही बरं नव्हे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चं म्हणणं हेच आहे की काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलं नसेल तर पुसा. कागद फाडून जाळा. हार्ड डिस्क नुसती फॉर्मॅट करून भंगारात देऊ नका, तिच्यावर दुसरा डेटा पूर्ण लिहून जुना पुसा किंवा ती फोडा. नाशाची यादी मात्र कायम ठेवा.

नंतर दर वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात अर्धा दिवस काढा. दोन्ही डिस्क जोडा, हॅश ताडा, आणि ज्याने हे काम केलं नव्हतं अशा नव्या कारकुनाला सांगा: "२०१९ च्या मे महिन्यातलं अमुक पार्टीचं बिल काढून दाखव." त्याला पंधरा मिनिटांत जमलं नाही तर किल्लीच्या वहीत काय लिहायचं राहिलं ते त्याच्याकडूनच समजून घ्या, आणि त्याच दिवशी लिहा.